चॅपलची शेवटची खिडकी

नांदेडला चित्रकला शिकले, रंगीत काच कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायला हौसेनं शिकले, आणि लग्न होऊन अहमदपूरच्या अडत्याच्या घरात पडले. तिथं माझी कला रांगोळीपुरती. लातूरच्या एका हॉटेलनं काचकामासाठी विचारलं, तर सासऱ्यांनी पेपरातून मान वर न काढताच नको म्हणून टाकलं. मग गावाबाहेरच्या कॉन्व्हेंटचं काम आलं. नव्या चॅपलसाठी खिडक्या, बाक, वेदी, सगळं माझ्या डिझाइननं हवं होतं. तिथं नुसत्या सिस्टर राहतात म्हटल्यावर लगेच परवानगी मिळाली. सून बायकांत राहणार, मग येशूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

ज्या भिंतींच्या आत त्या बायका जन्म काढणार होत्या, तिथं मी मोकळा श्वास घ्यायला जायची. संध्याकाळ झाली की सासरे गाडी घेऊन फाटकाशी हजर. घरात पाऊल टाकताच सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, किती खिडक्या राहिल्यात? मी सांगायची, दोन. आकडा ऐकला की त्या आत जायच्या. ही बाई तुरुंगावरच नोकरीला हवी होती, असं वाटून माझं डोकं फिरायचं.

त्या दोन खिडक्या मी पावसाळ्यापासून ओढत नेल्या. बाकांची उंची बदलली. गुडघे टेकायच्या फळ्या पुन्हा करायला लावल्या. शेवटच्या खिडकीतली निळी काच फिकी वाटते म्हणून काढून ठेवली. मोठ्या सिस्टर केरळच्या. त्यांनी ती काच उजेडात धरून पाहिली.

"निळा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुला घरी जायचं नाही."

मी घळाघळा रडले. त्यांनी जवळ बसवून पाणी दिलं, पण नाताळाआधी खिडकी बसवायला सांगितलीच.

चॅपल उघडलं त्या दिवशी घरचे आले. सासरे जरा वेळ उभे राहिले आणि गाडीत जाऊन बसले. सासूबाई मात्र बाकावर बसूनच होत्या. त्यांच्या पदरावर निळा उजेड पडला होता. हॉर्न वाजला तरी त्या हलल्या नाहीत.

"किती राहिल्यात?"

"झाल्या सगळ्या, आत्याबाई."

त्यांनी पदरावरचा निळा उजेड हातानं चाचपला.

"एखादी तरी ठिवायची व्हतीस," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनी इचारलं की मी चार सांगत व्हते."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. आम्ही दोघी उठलो.