मामाने निवडलेला हकीम

मामाला काहीही सांगितलं तरी तो पटकन हो म्हणत नसे. आधी विचारायचा, "आन् तसं झालं न्हाई तर?" चकलांब्याच्या मेंढपाळ घरातला हा मुलगा उशिरा शाळेत आला होता. मिसरूड फुटलेलं, म्हणून सगळा वर्ग त्याला मामा म्हणे. निजामाच्या शाळेत मास्तर उर्दूतून शिकवत, तिथेही त्याचे प्रश्न थांबत नसत.

बीडला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी पालीचा, तिसरा चौसाळ्याचा. घरच्यांनी ठरवलं होतं की, सुगीला तिघांची ज्वारी एका वैद्याला नाहीतर हकिमाला द्यायची. वर्षभर आमच्या दुखण्याखुपण्याकडे त्याने बघायचं. कोणाला द्यायची, ते आम्ही ठरवणार होतो. मला पेठेतले नावाजलेले वैद्य हवे होते. मामा म्हणाला, "विचारून तर बघू."

वैद्यांसमोर बसून त्याने सरळ विचारलं, "तुमच्यानं काय बरं होत न्हाई?"

वैद्य रागावले. "माझ्याकडून कोणी तसाच परत गेला नाही," म्हणाले.

नदीकाठच्या म्हाताऱ्या हकिमांना त्याने तेच विचारलं. ते हसले. "हड्डी जोडणं मला येत न्हाई, बेटा. चीरफाड तर मुळीच न्हाई. तशी वेळ आली तर लगेच सांगेन."

बाहेर पडताच मामा म्हणाला, "ह्येच."

"कावून बे?" मी विचारलं. "ह्यांना तर निम्मं येतच न्हाई."

"कुठं थांबायचं ते येतंय की."

त्याच हिवाळ्यात माझी मांडी सुजली आणि ताप चढला. हकिमांनी मांडी दाबून पाहिली, लेपाचं भांडं बाजूला सारलं. "आत पू झालाय. याला चाकू लागतो. नगरच्या दवाखान्यात न्या, आजच."

निरोप मिळून पालीहून बैलगाडी घेऊन आलेले माझे वडील चाकूचं नाव ऐकून कचरले. मामाने मात्र गाडी जुंपली आणि वडिलांना हाकायला बसवलं. सगळी वाट त्याने माझा पाय स्वतःच्या मांडीवर धरला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता.

मी उठून बसेपर्यंत मामा तिथून हलला नाही. तिकडे बीडला परीक्षा होऊन गेली. "आता मेंढरं बघ," असा त्याच्या वडिलांचा निरोप आला.

दवाखान्याच्या दारात मी म्हणालो, "माझ्यापायी तुझी शाळा गेली."

"शाळा गेली तर गेली," तो म्हणाला. "तू जरा चालून दाखव."

मी लंगडत भिंतीपर्यंत गेलो. वळून पाहिलं, तर तो उभा राहून हसत होता.