पास झालेल्या मालावर काही लिहीत नाहीत

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी माल तपासायचे. इंजिनातलं तेल गळू नये म्हणून आत एक काळी रबरी कडी बसवतात, ती आमच्याकडं बनते, आणि ती चांगली की वाईट हे ठरवण्याचं काम माझं. हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं सलग तीन तास एकसारख्या काळ्या कड्या बघून दाखवाव्यात. चौथ्या तासाला समोरच्या माणसाचं तोंडही गोल दिसायला लागतं.

आमच्या टेबलावर दोन पेट्या असतात. कडी बरी असली की हिरव्या पेटीत जाते आणि तिच्यावर कोणी काही लिहीत नाही. खराब असली की लाल पेटीत जाते, आणि सोबत चिठ्ठी: इथं आत फुगा आहे, इथं चीर आहे, इथं कडेला रबर जास्त आहे. म्हणजे आठ तासांत मी जेवढं लिहायचे, ते सगळं दोषांविषयी. अकरा वर्षं हे केल्यावर बाईचं काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. शांत बसण्याची त्याला नोकरीतच सवय लागलेली आहे आणि ती घरीही उपयोगी पडते.

तर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं लाइन इनचार्जची जागा निघाली. संपूर्ण लाइन एकाच्या हाताखाली, आणि तो एक म्हणजे मी, असं मी धरूनच चालले होते. माझ्याइतकं काम माहीत असलेलं दुसरं कोण होतं? फक्त एक अर्ज भरायचा होता. त्यात दोन रकाने. पहिला, ‘तुमच्या जमेच्या बाजू’. दुसरा, ‘सुधारणेस वाव’.

पहिल्या रकान्यासमोर मी पेन धरून बसले आणि मला लाज वाटायला लागली. आपल्याच हातानं आपल्याविषयी चांगलं काय लिहायचं? बराच विचार करून लिहिलं, ‘वेळेवर येते.’ मग दुसऱ्या रकान्याकडं वळले आणि पेन असं सुटलं की विचारू नका. उन्हाळ्यात चिडचिड होते. सूचना देताना आवाज चढतो. समोरचा चुकला की तोंडावर बोलते, मागून बोलायला जमत नाही. सुट्टीच्या आधीची दहा मिनिटं मनानं बसमध्ये जाऊन बसलेली असते. जागा पुरेना, तर एक कोरा कागद मागून घेतला आणि पिन मारून जोडला. अर्ज देताना मनात म्हटलं, आता बघा प्रामाणिकपणा कशाला म्हणतात.

पुण्याहून आलेले आमचे एचआरचे साहेब तो कागद वाचत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं मोठ्या अपेक्षेनं बघत होते. “मॅडम, तुम्ही स्वतःबद्दल फार कडक आहात,” ते म्हणाले. ही शाबासकी आहे असं समजून मी हसून मान डोलावली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे मला आठ दिवसांनी कळलं.

जागा मिळाली माझ्याच टेबलावर चार वर्षं काम शिकलेल्या एका सहकाऱ्याला. माप घ्यायचा व्हर्निअर कसा धरायचा हे मी त्याला शिकवलेलं. त्यानं म्हणे पहिल्या रकान्यात नऊ मुद्दे लिहिले होते आणि दुसऱ्यात एकच: ‘कामात गुंतलो की जेवायचं राहून जातं.’ कानामागून आला आणि तिखट झाला. मी कंपनीच्या बसमध्ये चिकलठाण्यापर्यंत दम धरला, सिडकोच्या पुढं मात्र रडू आवरलं नाही. अपमान वाटला होता. जागा गेली त्याचं दुःख होतंच, पण आपण इतकी वर्षं जे केलं ते कुणाला दिसलंच नाही, हे जास्त लागलं होतं. हर्सूलच्या टी पॉइंटला उतरले तेव्हा डोळे पुसलेले होते आणि डोकं मात्र तापलेलंच होतं.

त्यानंतर वर्षभर मी त्या सहकाऱ्याशी फक्त मिलिमीटरमध्ये बोलले. “शून्य पॉइंट दोन जास्त आहे.” “शून्य पॉइंट एक कमी आहे.” तो बिचारा दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आला, तर मी त्यातली चकली उचलून म्हटलं, “सगळ्या एका मापाच्या नाहीत.”

पुढच्या वर्षी कारखान्यात दुसरी लाइन सुरू व्हायची ठरली. पुन्हा इनचार्जची जागा, पुन्हा तोच अर्ज. पण या खेपेला एक गोष्ट वेगळी होती. यापुढं अशा जागेला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागणार, असं वरून आलं होतं, आणि माझ्याकडं साधी बीएस्सी. आता हुकली तर निवृत्त होईपर्यंत मी आणि त्या दोन पेट्या. कोरा अर्ज हातात देताना साहेब म्हणाले, “मॅडम, यंदा जरा नीट भरा. आणि स्टेपलर घेऊ नका.”

मी अर्ज घरी आणला आणि नवऱ्याला विचारलं, “माझ्यात चांगलं काय आहे?” तो सावध झाला. बराच वेळ विचार करून म्हणाला, “तू कधी खोटं बोलत नाहीस.” मी लिहून घेतलं. तेवढ्यात पुढं म्हणाला, “बोलायला हवं कधीकधी.”

रविवारी फुलंब्रीला माहेरी गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीत बसून लसूण निवडत होते. त्यांनाही तेच विचारलं.

“कशापायी?” ते म्हणाले. “पाव्हणे येनार हायेत का कुनी बघायला?”

“अण्णा, माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली.”

“मंग कशाला पायजे? चांगलं आसंल ते लोकाला दिसतंच. आपुन वंगाळ तेवढं सांगावं.”

तेव्हा कळलं माझं कुठून आलंय ते. अण्णा बैल विकायला जायचे तेव्हाही असंच. गिऱ्हाईक जवळ आलं की पहिलं वाक्य, “बैल डाव्या अंगाला वढतो, आधीच सांगून ठिवतो.” बाकीचे आपापल्या बैलाची आरती ओवाळत असायचे आणि बाजारातून पहिला बैल जायचा अण्णांचा. लोक म्हणायचे, या माणसानं खोड सांगितली म्हणजे दुसरी खोड नाही. मला लहानपणी याचा फार अभिमान होता. पण त्या दिवशी ओसरीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बैलाच्या शेजारी अण्णा उभे असायचे. बैलानं स्वतः अर्ज भरला नव्हता.

“तरी एखादा गुण सांगा ना,” मी म्हटलं.

अण्णांनी लसणाची एक कुडी बाजूला टाकली. “लहानपनी लई हट्टी हुतीस,” ते म्हणाले. “आता जरा कमी झालंय.” याच्या पलीकडं त्यांना जाणं शक्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी उठले.

शेवटी गरजवंताला अक्कल नसते म्हणतात तसं झालं. सोमवारी कँटीनमध्ये चहाचा कप घेऊन मी त्या सहकाऱ्याच्या समोर जाऊन बसले. वर्षभरात पहिल्यांदा. अर्ज पुढं सरकवला आणि म्हटलं, “मला हे भरता येत नाही. तुला येतं.”

तो टोमणा मारील असं वाटलं होतं, मीही दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यानं गुपचूप पेन काढलं.

“तुम्ही पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून परत कधी आला होता, ताई?”

“आला नाही.”

“अकरा वर्षांत?”

“नाही आला. का येईल?”

“मग हे लिहा.”

“त्यात काय लिहायचं? ते तर कामच आहे.”

“ताई,” तो म्हणाला, “हे वाक्य साहेबांसमोर नका बोलू.”

त्यानं एकेक करून सहा मुद्दे काढले. खोटा एकही नव्हता, मी शोधून पाहिलं. वाचताना मात्र असं वाटत होतं की ही बाई कोणीतरी बरी आहे, एकदा भेटायला पाहिजे. मला बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं की माझी जीभ वळवळते.

“तुला छान जमतं रे,” मी म्हटलं. “स्वतःची लाल करायला कुठं शिकलास?”

“तुमच्याच टेबलावर.”

तो हसत नव्हता.

“चार वर्षं बसलो मी तिथं. चुकलो की चिठ्ठी. नाय चुकलो की काहीच नाय. घरी जाताना कळायचंच नाय, आज आपण बरं काम केलं का नाय. मग मीच बसमधी मनातल्या मनात म्हणायचो, आज बरं झालं. म्हणता म्हणता सवय लागली.”

मी चहा पिऊन टाकला. तो गार झालेला होता आणि त्याच्याविषयी तक्रार करण्याचं मला सुचलं नाही. चार वर्षं हा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. तो चांगला होता, मला माहीत होतं, म्हणून तर मी त्याचा माल दुसऱ्यांदा तपासत नव्हते. पण ते त्याला कसं कळणार? मला फार वाईट वाटलं. वर्षभर मी ज्या गोष्टीवरून जगावर रुसले होते, तीच मी त्याच्या बाबतीत केली होती, आणि त्यानं रुसण्याऐवजी काहीतरी मार्ग काढला होता.

मुलाखतीला साहेबांनी सहा मुद्दे वाचले, कागदाची मागची बाजूही उलटून पाहिली, आणि विचारलं, “तुम्ही वर गेलात तर तपासणीचं टेबल कोण सांभाळेल?”

“एक मावशी आहेत शेंद्र्याच्याच,” मी सुरुवात केली, “पण त्या बोलायला लागल्या की हात थांबतो...” आणि जीभ चावली. मग म्हटलं, नाही. आज उलटं करून बघू. सांगितलं की या मावशी कडी अंगठ्यानं दाबतात आणि आतला फुगा गेज लावायच्या आधीच ओळखतात. दुसरी आहे तिची नजर संध्याकाळीही सकाळसारखी असते. तिसरी नवीन माणसाला चार दिवसांत तयार करते, आणि तेही न ओरडता, जे मला आजवर जमलेलं नाही. मी बोलत सुटले. दुसऱ्या रकान्यात सुटायचे तशी सुटले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे त्यांना माहीत आहे?”

“नाही.”

“का?”

“चिठ्ठीवर तेवढी जागा नसते,” मी म्हटलं. साहेब हसले, मी हसले नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा मला मिळाली होती. आनंद झाला, खोटं कशाला सांगू, मी पेढे वाटले आणि नवऱ्यानं आणलेले पेढे लहानमोठे आहेत हे बोलूनही दाखवलं. पण मनात एक काम राहिलं होतं. नव्या कामाच्या पहिल्या सकाळी मी बसमध्ये ते वाक्य तीन वेळा घोकलं आणि उतरल्याबरोबर थेट जुन्या टेबलापाशी गेले. मावशी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. सहा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो होतो.

“मावशी,” मी म्हणाले, “फुगा असलेली कडी तुम्ही नुसत्या अंगठ्यानं ओळखता. आजवर तुमच्या हातून एकही सुटली नाही. मला हे जमत नाही.”

मावशींनी हातातली कडी खाली ठेवली. पदराला हात पुसले. आजूबाजूला बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, “ताई, मला कामावरून काढायलेत का?”

त्या खरोखर भ्यालेल्या होत्या. मला हसताही येईना.

“नाही हो मावशी. तुमचं काम चांगलं आहे, एवढंच सांगायला आले.”

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. एखादी कडी उजेडात धरून बघावी तसं.

“सा वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “मंग आजच कसं काय?”