तयारीसरांचा तिसरा शब्द

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना कुणी चहा विचारला, तरी ते पटकन हो म्हणत नसत. आधी पुटपुटायचे, इच्छा आहे, ऐपत आहे, तयारी आहे का? मागणीच्या व्याख्येतले हे तीन शब्द. नुसतं हवंसं वाटणं म्हणजे मागणी नव्हे, खिशात पैसे असणं म्हणजेही नव्हे. ते खर्चायची तयारीसुद्धा लागते. अकरावी कॉमर्सच्या पहिल्याच तासाला त्यांनी हे सांगितलं आणि पुढे वर्षभर आमची त्यातून सुटका झाली नाही. गृहपाठ राहिला की शांतपणे विचारायचे, "इच्छा होती, ऐपत होती, मग अडलं कुठे?" त्यांचं नाव तयारीसर पडलं ते यावरून.

सर जवळच्या नंदाखाल या ख्रिस्ती वस्तीच्या गावचे. सकाळी केळीला पाणी सोडून कॉलेजात यायचे, त्यामुळे शर्ट कडक इस्त्रीचा आणि चपलांना वाडीतला चिखल. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, पण गावचं कुणी दारात आलं की गावच्या बोलीत शिरायचे. आम्हा मनवेलपाड्याच्या मुलांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, तरी ऐकायला मजा यायची.

माझं मात्र पुढचं काही खरं नव्हतं. बाबा मुंबईत छापखान्यात होते. अकरावी झाली की कॉलेज बास, टायपिंग शिकून नोकरीला लाग, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला शिकायचं होतं आणि त्यांच्यापुढे बोलायची छाती नव्हती. शेवटी आईने मध्यस्थी केली. कॉलेजच्या आनंदमेळ्यात पोरीचा स्टॉल आहे, तो एकदा बघा आणि मग काय ते ठरवा, असं तिने त्यांच्या गळी उतरवलं.

व्यवस्थापनही सरच शिकवायचे आणि मेळा हे त्यांचं प्रात्यक्षिक. मी आणि फिलो, माझी नंदाखालची मैत्रीण, आम्ही खिमा-पाव ठरवला. आठवडाभर आधी सगळ्या कॉलेजला विचारून झालं, सगळ्यांना खिमा-पाव आवडत होता. नियोजन म्हणावं तर असं.

मेळा शुक्रवारी होता. पातेलं भरून खिमा, ढीगभर पाव आणि गिऱ्हाईक कुणीच नाही. बाबा साप्ताहिक सुट्टी म्हणून सकाळीच आले होते आणि हाताची घडी घालून भिंतीपाशी उभे होते. मला रडू फुटायचं बाकी होतं. सर आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "इच्छा आहे, ऐपत आहे, तयारी नाही. का नाही, ते जाऊन विचार."

मी विचारत फिरले. निम्म्यांची संकष्टी होती. उरलेल्यांचा ख्रिस्ती उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. गंमत अशी की संकष्टी आहे हे मला ठाऊक होतं; मी फिलोच्या लोकांवर भिस्त ठेवली होती. शुक्रवारचं फिलोला ठाऊक होतं. तिची भिस्त आमच्या लोकांवर. एकमेकींना मात्र आम्ही चकार शब्द बोललो नव्हतो. सरांनी खडूने आमच्या टेबलावर एकच शब्द लिहिला, समन्वय, आणि ते पुढच्या स्टॉलवर गेले. मदत म्हणून काही केलं नाही.

मग मीच फिलोला रिक्षाने तिच्या काकांच्या वाडीवर पिटाळलं. ती केळी आणि सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आली. केळं दोन्ही उपासांना चालतं. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं. खिमा संध्याकाळी आमच्या चाळीतल्या बिनउपासवाल्यांनी संपवला.

निघताना सर बाबांजवळ आले. म्हणाले, "इच्छा पोरीची आहे, ऐपत तुमची आहे. तयारीचं तेवढं तुम्ही बघा." टायपिंगचा विषय घरात पुन्हा निघाला नाही, आणि मी शिकत गेले. आज मीही अकरावीला मागणीची व्याख्या शिकवते. तिसऱ्या शब्दाशी आले की सर फार आठवतात.

सर गेले तेव्हा मी एकटीच नंदाखालला निघाले होते. बाबांनी न सांगता चपला घातल्या. प्रार्थना संपेपर्यंत ते चर्चमध्ये अगदी मागे उभे राहिले. परतताना बसस्टॉपवर म्हणाले, "ऐपत नव्हती गं माझी तेव्हा. पण तुझ्यादेखत तो माणूस, ऐपत आहे म्हणाला. मग नाही कसं म्हणणार?"