दवंडी कोण देणार

"दवंडीच देऊ या," वकीलसाहेब म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

महाडच्या आमच्या मानवी हक्क समितीची बैठक होती. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वकीलसाहेब अध्यक्ष, म्हणून दिवाणखानाही त्यांचाच. चवदार तळं तिथून हाकेच्या अंतरावर. बाहेरून पाहुणे आले की वकीलसाहेब त्यांना ते आवर्जून दाखवायला नेत.

मानवी हक्क दिनाला शाळा-कॉलेजची मुलं जमवायची आणि भर बाजारपेठेत जाहीरनामा वाचायचा, असं ठरत होतं. जाहीरनामा मी लिहिला होता. 'जन्मावरून कुणालाही काम नेमून दिलं जाणार नाही' हे त्यातलं वाक्य वकीलसाहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं.

"मुलांना काहीतरी अस्सल दिसलं पाहिजे," ते पुढे म्हणाले. "डफ, खांद्यावर घोंगडी. पुढे आपले सर, मागून मुलं. जाहीरनामा स्टेजवरून मी वाचेन. सर, तुमच्या वडिलांची हाळी म्हणे अख्ख्या खोऱ्यात ऐकू जायची. तुमच्या तर रक्तातच आहे!"

वडिलांचं मीच त्यांना सांगितलं होतं. एकदा, विश्वासाने.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "किती छान कल्पना!" आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

माझा बाप शिवथरच्या खोऱ्यात दवंडी द्यायचा. वाडीबाहेर उभं राहून. उद्या पालखी, परवा सभा. सगळ्या बातम्या दुसऱ्यांच्या. बदल्यात शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. मी चौथीत असताना एका सकाळी गावकीचा माणूस बोलवायला आला. बापाने उठून डफ चुलीत घातला.

"त्यांना तोंडं हायत ना? सोताच वरडा म्हनावं. मी येनार नाय."

कातडं जळायला लागलं. आई खोकत होती, पण दार तिनेच सताड उघडलं. वास गावभर जाऊ दे म्हणाली. त्या वर्षी आम्हाला कुणी कामाला बोलावलं नाही. बाप मुंबईला गोदीत गेला.

आणि आता वकीलसाहेब मला नवा डफ देत होते. समितीच्या खर्चाने.

"डफ तुम्ही घ्या," मी म्हणालो. "जाहीरनामा मी वाचतो."

"अहो सर, ही लोककला आहे. त्यात कमीपणा कसला?"

"मग तुमच्या मुलाला शिकवा."

मी माझे कागद उचलले, खिशात घातले आणि उठलो.

जिन्यात मागून चाचा आले. ट्रान्सपोर्टचा धंदा त्यांचा, समितीतले एकमेव मुसलमान. "मास्तर, बरोबर बोललात."

"मग वर का नाही बोललात?"

"मला या गावात ट्रक चालवायचेत," ते म्हणाले. खरं बोलले. त्या दिवशी तेवढा एकच माणूस खरं बोलला. त्यानंतर तेही मला रस्त्यात टाळू लागले.

बिरवाडीला माझ्या खोलीवर परतलो. कोणी आलं नाही, कुणाचा फोनही नाही. ठरल्या दिवशी मिरवणूक निघाली. घोंगडी पांघरायला त्यांनी एक पोरगा शोधला होता. कुठून शोधला, ते विचारायची गरज नव्हती.

तेव्हापासून मी एकटाच शाळांत जातो. नाते, पोलादपूर, जिथे मोकळा तास मिळेल तिथे. जाहीरनामा वाचत नाही. फळ्यावर लिहितो: तुमच्या गावात दवंडी कोण देतं? आणि तोच का देतो?

पोलादपूरला एक मुलगी उठली. "आमच्याकडं तेच देतात, सर."

"तेच म्हणजे कोण?"

ती बाकाकडे बघू लागली. बेल झाली. पुढच्या तासाचे गुरुजी दारात येऊन खाकरले, डस्टर उचलायला पुढे झाले. मी फळ्यासमोरून हललो नाही. वर्ग मोठ्याने उत्तर देईपर्यंत ती ओळ मी पुसू देणार नाही. या शाळेत नाही, पुढच्याही नाही.