आतेच्या मुलाला पाठवलेले फोटो

टोरंटोच्या उत्तरेला, वॉनकडे जाणाऱ्या बसच्या वाटेवर एक साधी फिलिपिनो वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं राहिले. कॉलेज संपलं होतं, वर्क परमिट होतं आणि वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये खोकी भरायचं काम होतं. रविवारी सुट्टी मिळाली की मी कॅमेरा घेऊन बाहेर पडायची. माझ्या वडिलांचा कराडला फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे कॅमेरा धरणं मला लहानपणापासून येतं. कॉलेजात शिकले मात्र सप्लाय चेन.

वस्तीत बघण्यासारखं असं काही नव्हतं, आणि मला तेच बरं वाटायचं. बेकरीपुढे गरम पानदेसाल पावासाठी उभे असलेले लोक. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून एकमेकांचे केस कापणारे म्हातारे. मायदेशी पाठवायच्या भल्यामोठ्या खोक्यात साबण, टूथपेस्ट, चॉकलेटं दाबून बसवणाऱ्या बायका. झाकण लागेना म्हणून एकजण वर बसायची आणि दुसरी टेप ओढायची. सुरुवातीला लोक मला बघून पाठ फिरवायचे. नंतर नंतर हात हलवायला लागले.

माझ्या डोक्यावरच्या खोलीत एक बाई राहायची. पन्नाशीच्या आतबाहेरची, ठेंगणी. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, भरवणं हे तिचं काम. सगळे तिला ‘आते’ म्हणत. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. मला ती आपली आत्याच वाटली, म्हणून मीही आतेच म्हणू लागले.

एकदा तिनं मला जिन्यात अडवलं. “सगळ्या रस्त्याचे फोटो काढतेस. माझे काढ. मी इथे कशी राहते ते माझ्या मुलाला दाखवायचंय.”

मुलगा चार वर्षांचा असताना ती त्याला फिलिपीन्समध्ये बहिणीकडे ठेवून निघाली होती. आता तो सतरा वर्षांचा होता. मधल्या काळात ती दोनदाच जाऊन आली होती.

“रोजच्या कपड्यांतच राहा,” मी म्हटलं. ती हो म्हणाली आणि चर्चला जायचा ब्लाउज घालून भात शिजवायला उभी राहिली.

मग दर रविवारी आम्ही दोन-चार फोटो काढून पाठवू लागलो. मुलगा खोदून खोदून विचारायचा. हे यंत्र कसलं? एवढे कोट कुणाचे? ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसतानाचा एक फोटो होता, त्यात आतेची टोपी डोळ्यांवर आली होती. त्यावर त्यानं लिहिलं, मी आलो की शोव्हल मी करीन, तू आत बस. आतेनं ते मला चारवेळा वाचून दाखवलं. शेजारची छोटी खोली रिकामी झाल्यावर तिनं तीही त्याच्यासाठी भाड्यानं घेतली आणि तिथे पलंग आणि टेबल ठेवलं. चादरीला सुरकुती राहू नये म्हणून फोटो काढेपर्यंत मला पलंगाला हात लावू दिला नाही.

पण मुलाला बोलवायचा अर्ज भरायला ती इमिग्रेशन कन्सल्टंटकडे गेली तेव्हा जुनी गोष्ट वर आली. पहिल्यांदा कॅनडाला येताना तिकडच्या एजंटनं तिला सांगितलं होतं, मूल असलेल्या बाईला घेत नाहीत. त्यानं फॉर्मवर ‘मुलं नाहीत’ असं लिहिलं आणि आतेनं सही केली. कन्सल्टंट म्हणाला, तेव्हा ज्याचं नाव दिलं नाही, त्याला आता सरळ मार्गानं बोलवता येणार नाही. दयेच्या आधारावर विनंती करता येईल. आईनं मुलाशी नातं टिकवलं आहे याचा पुरावा जोडा.

पुरावा म्हणजे आमचे फोटो. मी सगळे प्रिंट केले आणि मागे तारखा घातल्या. आते तेव्हा खुशीत होती. मला म्हणाली, “बघ, तुझ्या फोटोंमुळे काम होणार.” मला वाटलं, होईलही.

पत्र यायला वर्ष लागलं. मी शिफ्टवरून आले तेव्हा ती बेसमेंटच्या पायऱ्यांवर फोनवर आलेलं पत्र उघडून बसली होती.

“मला इंग्लिश नीट कळत नाहीये. तू वाच.”

तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी वाचलं. फोटो मिळाल्याचं त्यात एका ओळीत म्हटलं होतं. नातं आहे हे मान्य केलं होतं. विनंती नामंजूर.

“म्हणजे नाही,” आते म्हणाली.

“नाही.”

तरी पुढच्या रविवारी तिनं मला वर बोलावलं. सूप ढवळताना हसली, मी फोटो काढला, तिनं पाठवला. उत्तर लगेच आलं. ते तिनं या वेळी नुसतं वाचून दाखवलं नाही, फोन माझ्यापुढे धरून एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. आई, आता त्या घराचे फोटो पाठवू नकोस. मी तिथे कधी येणार नाही हे मला कळलंय. तू पैसे पाठवतेस ते पुरे.

फोन बाजूला ठेवून ती म्हणाली, “तुझ्याकडचे पण डिलीट कर. माझ्यासमोर कर.”

मी तिच्याशेजारी बसून एकेक पुसत गेले. बर्फाचा फोटो आला तेव्हा थांबले. “हाही?”

“हाही.”

शेवटी तिनं विचारलं, “सगळे गेले?” मी म्हटलं, गेले. ते खोटं होतं. लॅपटॉपवर प्रती होत्या. त्या ठेवाव्यात असं मला तेव्हा का वाटलं कोण जाणे. नंतर त्या उघडून बघण्याची माझी हिंमत झाली नाही आणि पुसण्याचीही नाही. ज्या मुलाला इतके महिने मी घर दाखवत राहिले त्याला ते मिळणार नव्हतं. फोटो काढलेच नसते तर त्याला एवढं लागलं नसतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

महिन्याभरानं आतेनं दोन्ही खोल्या सोडल्या. ओकव्हिलला एका पेशंटच्या घरीच राहायचं काम तिनं धरलं. दोन बॅगा होत्या. मी बस स्टॉपपर्यंत गेले. तिची एक बॅग मी बसमध्ये चढवून दिली.

पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळायला लागणारा स्कोअर मलाही निवडीच्या दर फेरीत थोडक्यात कमी पडत गेला, आणि परमिट वाढवायचा मार्ग उरला नाही. कराडला परतायच्या आधी मी तिला फोन केला.

“परत येशील?” तिनं विचारलं.

“नाही वाटत.”

“बरं.” मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. “म्हातारीला वॉशरूमला न्यायचंय. नंतर करते.”

तिनं केला नाही. मीही केला नाही.