सनवबरखालाच्या दुलया

दुपारनंतरची असरची नमाज झाली, पण राग नमाजेतही गेला नाही. अल्लाह माफ करो.

शेजारची सनवबरखाला ही आमच्या गल्लीतली सगळ्यात नीटनेटकी बाई, असं ती स्वतःच सांगते. चार मुलगे वाढवले, नवरा पुरला, आणि उरलेलं आयुष्य भिंतीशी रचलेल्या दुलयांची चळत सरळ ठेवण्यात घालवलं. छताला टेकलेली ती चळत पाहुण्यांनी फक्त पाहायची. बरं, दुलया हिच्या नाहीतच. धाकट्या सुनेच्या, मोहिराच्या आईने शिवून आहेरात दिलेल्या.

मोहिराला नववा लागलाय. नवरा रशियात बांधकामावर. सकाळी चाळणी परत द्यायला गेले, तर पोरगी अंगणात तंदूरच्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली.

"इथं का गं?"

"आडवी झाले की श्वास अर्ध्यावरच अडतो, अपा. छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. नर्सबाई म्हणाल्या, पाठीशी उंच घे, डाव्या कुशीवर नीज. पण आई..."

आई म्हणजे सासू, सनवबरखाला. ती मागे उभीच होती. "कुशीवर झोपलं की पोराची मान वाकडी होते. मी चारही वेळा एका उशीवर उताणी झोपले."

"आणि चौघांपैकी एकाचीही मान तुमच्याकडे वळत नाही, खाला. तिला टेकायला चार दुलया द्या."

"शुक्रवारी खुजंद शहरातून माझी जाऊ येतेय. चळत मोडलेली पाहून काय म्हणेल ती?"

उभं राहून जमत नसेल तर बसून नमाज पढ, बसूनही जमत नसेल तर कुशीवर पडून पढ, एवढी सूट अल्लाहने दिली. सनवबरखालाचा दर्जा बहुधा त्याच्याही वरचा.

मी चपला काढून आत गेले आणि दुलई ओढली.

"मधली नको, वरची घे गं, वरची!"

ओढली ती मधलीच. सगळी चळत खाली आली. मागोमाग आत आलेल्या मोहिराचा चेहरा पांढराफटक.

"बघत काय बसलीस? नीज."

ढिगाला पाठ टेकून ती डाव्या कुशीवर वळली, एक दुलई गुडघ्यांत घेतली. मी चहाला पाणी ठेवलं. ते उकळेपर्यंत तिचा श्वास लांब आणि संथ चालू लागला होता.

आतला पसारा कोणाला दिसू नये म्हणून सनवबरखाला दारात आडवी बसली. दुपारपर्यंत तिने कोणाला आत जाऊ दिलं नाही, त्यामुळे पोरीला कोणी उठवलंही नाही. आयुष्यात एकदा सुनेच्या कामी आली, तीही चुकून.