चोवीस गोणी मीठ

आमच्या माहेरी स्वयंपाक चाखायची पद्धत नव्हती. आधी नैवेद्य, मग माणसं. आमटीत मीठ किती घालायचं हे हातालाच कळलं पाहिजे, असं आई म्हणायची, आणि माझ्या हाताला ते कळतं याचा मला नको तितका अभिमान होता. दिल्लीत, द्वारकेच्या सोसायटीत राहून इतकी वर्षं झाली, तरी शेजारीण डाळ ढवळता ढवळता चमचा तोंडाला लावते ते पाहिलं की मी मान फिरवते.

ह्यांना जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला. उभी हयात फौजेत काढलेला, तरुणपणी कृष्णा सहज पोहून पार करणारा माणूस पलंगापासून न्हाणीघरापर्यंत काठी टेकत जायला दहा मिनिटं घ्यायला लागला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते खरं. त्यांना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, पाय हलायला धजतो.

सोसायटीत पोहण्याचा तलाव होता, दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर उघडायचा. पण त्यात टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीनं ह्यांना खोकल्याची उबळ यायची, आणि झटक्यानंतर ती जोखीम मला नको होती. म्हणून मी कमिटीच्या हात धुऊन मागे लागले, की मिठाच्या पाण्याचं यंत्र बसवा. पाण्यात बेताचं मीठ असलं, की ते यंत्र त्यातूनच थोडं थोडं क्लोरीन तयार करतं. पावडर नको, तो उग्र वास नको. महिनाभर भांडून मी ते मंजूर करून घेतलं. यंत्र बसलं. मीठ किती टाकायचं, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, दुसरं कोण करणार?

यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात सगळं नीट लिहिलेलं होतं. मी टेप घेऊन तलाव मोजला. लांबी, रुंदी, उथळ बाजू, खोल बाजू, त्यांची सरासरी. दोन लाख लिटर पाणी. यंत्राला लिटरमागे तीन ग्रॅम मीठ लागत होतं. म्हणजे सहाशे किलो, पंचवीस किलोच्या चोवीस गोण्या. मधे एक रकाना होता, 'पाण्यात सध्या असलेलं मीठ'. त्यात मी शून्य लिहिलं. मोजलं नाही, विचारलं नाही, फक्त शून्य लिहिलं. नळाचं पाणी, त्यात कसलं आलंय मीठ, असा माझा सरळ हिशेब.

तलावाची देखभाल करणारे गृहस्थ बिहारचे, पन्नाशी उलटलेले. गोण्या उतरवल्या त्या सकाळी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मैडम, पानी तो पहले से खारा है. एक बार चखकर देख लीजिए."

मला किळस आली. जिथे लोक आंघोळ करतात ते पाणी मी तोंडात घेऊ? मी त्यांना सांगितलं, की मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, तुम्ही गोण्या उघडा. त्यांनी पहिली गोणी उघडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना शेकडो वेळा ऐकवली असेल.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर लाल दिवा लागला आणि ते बंद पडलं. कंपनीचा माणूस मीटर घेऊन आला. पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम मीठ निघालं. त्या वर्षी तलाव नळाच्या पाण्यानं नाही, बोअरवेलच्या पाण्यानं भरला होता, आणि आमच्या भागातलं जमिनीतलं पाणी मुळातच खारट. दोन ग्रॅम त्यात आधीपासून होतं. आठ गोण्या पुरल्या असत्या.

पडलेलं मीठ काढता येत नाही. पाणीच सोडून द्यावं लागतं, आणि नवं पाणीही तेच खारट म्हणून थोडं सोडून भागत नाही, तीन भागांतले दोन भाग सोडावे लागतात. एप्रिल संपत आला होता. घरोघरी टँकरची वाट पाहणं सुरू झालं होतं, बोअरवेलही दिवसातून तासभरच चालायची. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी तलाववाल्यांना धारेवर धरायला लागलं तेव्हा मी उठून सांगितलं, की हिशेब माझा, चूक माझी, त्यांनी तर मला सांगितलं होतं. तेवढं मी केलं. पण पाणी सोडा, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होते? पावडरीचे पैसे यंत्रात गेले होते, म्हणून पाण्याची चणचण मिटेपर्यंत तलाव बंद, असं ठरलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, की यंत्र बिघडलं आहे. एवढं सगळ्यांपुढे कबूल करून आलेली मी, पण ह्यांच्यापुढे माझं धाडस झालं नाही.

मे गेला, जून गेला. हे रोज संध्याकाळी चाकाच्या खुर्चीत बसून तलावाच्या कठड्यापाशी न्यायला सांगायचे. पाणी हिरवट होत चाललेलं. तलाववाले येऊन ह्यांच्याशी दोन शब्द बोलायचे, मी लांब उभी राहायची. डावं पाऊल हळूहळू आत वळायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई घरी व्यायाम देत होत्या, मी ते नेमानं करून घेत होते, आणि मनातून रोज एक दिवस वजा करत होते.

पाऊस आल्यावर पाणी बदलून जुलैत तलाव उघडला तेव्हा सहा महिने पुरे झाले होते.

पहिल्या दिवशी ह्यांना पाण्यात उतरवलं. एका बाजूला तलाववाले, समोर मी, पाणी कमरेच्या वर. उजवा पाय चालायचा, डावा फरशीवरून घासत यायचा. पाच-सहा पावलांवर हे थांबले. धाप लागली असेल असं मला वाटलं.

"एप्रिलमध्ये उतरलो असतो तर?" त्यांनी विचारलं. झटक्यानंतर एकेक शब्द सावकाश यायचा.

"मशीन..." मी म्हणाले.

"मशीन नाही. माहितेय मला. पहिल्याच आठवड्यात कळलं."

तलाववाल्यांनी दुसरीकडे पाहिलं. दोन महिने रोज संध्याकाळी हे सारं माहीत असून कठड्याशी बसत होते, आणि मी लांब उभी राहून त्यांना फसवत होते. मला रडू आलं. कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एप्रिलमध्ये उतरून फरक पडला असता की नसता. तेच उत्तर मला देता आलं असतं, खोटंही ठरलं नसतं. पण त्यांनी ते डॉक्टरांना नव्हतं विचारलं, मला विचारलं होतं.

"काठीशिवाय चालला असतात," मी म्हणाले.

 त्यांनी मान हलवली आणि उजव्या हातानं उचलून आपला डावा हात माझ्यापुढे केला.

"मग आता नीट धर," ते म्हणाले.